छताखालचा देव: एक दुरुस्ती

या वेळी कुवेतला निघालो तेव्हा आमच्या नाशिकच्या सोसायटीत आमच्यासकट तीन दारांपुढे रांगोळीत एक चिनी अक्षर होतं: 家. त्याला जबाबदार मीच. गेल्या खेपेस मुलाकडे, मंदारकडे, एकटाच जाऊन आलो आणि सोसायटीच्या अंकात प्रवासवर्णन लिहिलं. मंदारच्या हॉलमध्ये त्याच्या कोरियन सहकाऱ्याने, पार्कने, भेट दिलेली या अक्षराची चौकट होती. अर्थ 'घर', एवढंच पार्कने सांगितलं होतं. वर छत दिसत होतं. खालच्या फराट्यांचं मी मनानेच ठरवलं आणि लिहून टाकलं: 'छताखाली अनेक हातांचा देव, म्हणजे घर.' लोकांना फार आवडलं.

या खेपेस मालती, आमची सौभाग्यवती, बरोबर होती. विमानतळाबाहेर पडताच तोंडावर वारा आला, तो उघड्या भट्टीपुढे उभं राहिल्यासारखा. मंगफ भागातल्या मंदारच्या फ्लॅटमध्ये मात्र एसी इतका की मी कानटोपी चढवली. सकाळी मी खालच्या बकाल्यातून (किराण्याच्या दुकानातून) खुबूस (अरबी रोटी) घेऊन आलो, तर हॉलमधली चौकट गायब. मालतीने ती स्वयंपाकघरातल्या देवघरात नेऊन गणपतीशेजारी ठेवली होती आणि वर हळदकुंकू वाहिलं होतं.

"देव काय टीव्हीशेजारी टांगतात?" ती म्हणाली. तिने माझा लेख वाचला होता.

मी खुबूसची पिशवी ओट्यावर ठेवली. चौकट बरी दिसत होती.

शुक्रवारी सुट्टी. मंदारने पार्कला आणि लिन नावाच्या चिनी इंजिनीअरबाईंना जेवायला बोलावलं. मसालेभात झाला, श्रीखंड झालं. पार्कने भिंतीकडे पाहून चौकटीची चौकशी केली. मालती त्यांना कौतुकाने देवघरापाशी घेऊन गेली. दोघांनी वाकून हळदकुंकू पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं.

शेवटी लिनबाईंनी मला इंग्रजीत विचारलं, याची पूजा का? मी माझा देव सांगितला. पार्कने दाराकडे पाहत आवाज खाली आणला आणि म्हणाला, ते डुक्कर आहे. छताखाली डुक्कर. कुवेतमध्ये हा शब्द मोठ्याने कोण उच्चारणार!

त्यानंतर त्या दोघांत जो वाद जुंपला, तो पार हॉलपर्यंत. लिनबाईंच्या आजीच्या गावात म्हणे माणसं माडीवर आणि डुकरं खाली राहत. त्यावरून हे अक्षर आलं. पार्कच्या मते घरात डुक्कर म्हणजे भरल्या पोटाची खात्री. काही विद्वान म्हणतात, पितरांपुढे बळी देत, ते हे डुक्कर. चिनीत ते 'ज्या', कोरियनमध्ये 'गा', जपानीत कधी 'का', कधी 'इए'. कोरियात रोजच्या बोलण्यात घराला 'चिप' म्हणतात, पण कुटुंब म्हटलं की 'गा' आलंच. आणि तिन्ही भाषांत 'लेखक' या शब्दाच्या शेवटी हेच अक्षर बसतं, असं लिनबाईंनी सांगितलं तेव्हा मंदारने माझ्याकडे पाहिलं. मी श्रीखंडाकडे पाहिलं.

"काय म्हणतायत हो?" मालतीने विचारलं.

"घर छान आहे म्हणतायत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीबाहेर धुळीमागे समुद्र पुसट दिसत होता. मालतीने आंघोळ करून करंगळीशेजारचं बोट कुंकवात बुडवलं. आमच्या घरात माझ्या लिखाणावर विश्वास ठेवणारी एवढी एकच व्यक्ती मला ठाऊक आहे. राहवेना.

"अगं, ते डुक्कर आहे."

बोट थांबलं. "कोण?"

"ते चौकटीतलं. देव मी आपला मनानेच लिहिला होता."

तिने चौकटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कुंकू लावून टाकलं. "म्हणजे वराह. विष्णूचा तिसरा अवतार."

माझा जीव भांड्यात पडला. "म्हणजे मी लिहिलं ते बरोबरच निघालं की."

"मुळीच नाही. वराहाने अख्खी पृथ्वी उचलली. तुम्हाला स्वतःचं जेवलेलं ताट उचलवत नाही, आणि निघालात लोकांना घराचा अर्थ सांगायला."

नाशिकला परतलो, आणि आता ही दुरुस्ती लिहितो आहे. वाचकहो, छताखाली डुक्कर आहे, अनेक हात वगैरे माझे. ज्यांना रांगोळी पुसायची असेल त्यांनी पुसावी. आमच्या दारातली मालतीने ठेवली आहे.

आल्यावर पहिल्याच जेवणानंतर मी माझं ताट उचलून मोरीत नेऊन ठेवलं. मालती लगबगीने मागे आली आणि तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.