टपालवालीचं खेचर

मंगळवारी दुपारी तीन वाजता दिराचा फोन आला. मी शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांना क्रमांक घालत होते. दीर म्हणाले, "वहिनी, दादा गेला." मी विचारलं, कुठे. ते म्हणाले, शेडवर. मी हातातलं पुस्तक कपाटात ठेवलं, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली शिपायाकडे दिली आणि स्टँडवर गेले.

शेड म्हणजे बेदाण्याची शेड. माझे यजमान फौजेतून निवृत्त झाल्यावर दरवर्षी हंगामाचे दोन-अडीच महिने तासगावकडच्या गावी भावाच्या मदतीला जात. मी रहिमतपूरला मराठी शिकवायची आणि शाळेचं ग्रंथालय सांभाळायची. त्यामुळे हंगामात आमचा संसार फोनवर चाले. संध्याकाळी सातला त्यांचा फोन यायचा. जेवलीस का, गॅस आला का, एवढं झालं की ते विचारायचे, "मग, आज काय वाचलंस?" स्वतः त्यांनी वर्तमानपत्रापलीकडे काही वाचलं नाही. पण मी वाचलेलं सगळं त्यांना ऐकायचं असे. मी पलंगाच्या कडेला बसून त्या दिवशी वाचलेल्या वीस-पंचवीस पानांत काय झालं ते सांगायची. तीस वर्षं हे चाललं. ते सीमेवर होते तेव्हा पत्रातून, नंतर फोनवर.

आदल्या दिवसापर्यंत, म्हणजे सोमवारपर्यंत, मी त्यांना एका अनुवादित कादंबरीचा निम्मा भाग सांगितला होता. डोंगरातल्या गावांना टपाल पोचवणाऱ्या बाईची ती गोष्ट होती. तिच्याकडे एक पत्र बरीच वर्षं पडून असतं. ते दिलं तर एक घर मोडेल, म्हणून ती ते देत नाही, आणि फाडतही नाही. ती ते पत्र घेऊन शेवटी त्या घराच्या दारात उभी राहते, इथपर्यंत आम्ही आलो होतो. पानांत खूण म्हणून एसटीचं तिकीट घातलेलं होतं.

दिवसकार्य झालं, लोक आपापल्या घरी गेले आणि मी पुस्तक उघडलं. एक पान वाचलं. खाली आल्यावर वर काय होतं ते आठवेना. पुन्हा वाचलं. मग दुसरं पुस्तक घेतलं, मग लहानपणी पाठ असलेलं. अक्षरं ओळखू येत होती, वाक्यही कळत होतं, पण ते आत थांबत नव्हतं. माझ्या आयुष्यात मला येणारी गोष्ट एकच होती, आणि ती मला येईनाशी झाली. मे महिन्यात मी निवृत्त झाले. निरोप समारंभात सगळे म्हणाले, आता भरपूर वाचन करा. मी मान हलवली.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मुलीनं ओळखलं. ती सांगलीला असते. दिवाळीला ती आली तेव्हा माझ्या उशाशी तेच पुस्तक होतं आणि तिकीट त्याच जागी होतं. तिनं चौकशी करून सांगलीत एका समुपदेशक बाईंच्या वर्गात माझं नाव घातलं. आठ शनिवार, सकाळी दहा ते बारा. सजगता, म्हणजे जे चाललंय त्याकडे लक्ष ठेवणं, आणि त्याच्या जोडीला सकारात्मक मानसशास्त्र. मला तो शब्द ऐकूनच थकवा आला. एकटीनं जायला मी तयार नव्हते, म्हणून मुलीनं माझ्या जावेचंही नाव घातलं. जाऊ माझ्याहून दहा वर्षांनी लहान. शेडवर बेदाणा निवडणाऱ्या बायकांची ती मुकादम. ती म्हणाली, येते की, तेवढंच सांगलीला यायला मिळतं.

मी रहिमतपूरहून गाडीनं जायची, ती तासगावहून एसटीनं. समुपदेशक बाई तिशीच्या असतील. हळू बोलायच्या, आणि बोलून झालं की खरंच गप्प बसायच्या. पहिल्या दिवशी त्यांनी श्वासाकडे लक्ष द्यायला सांगितलं. लक्ष भटकलं की परत आणायचं. भटकलं म्हणजे चुकलं असं नाही, त्या म्हणाल्या, परत आणणं हाच व्यायाम. हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं. मी सगळंच लिहून घेत होते. त्या डोळे मिटा म्हणाल्या तेव्हाही मी एक डोळा उघडा ठेवून तेवढं लिहिलं आणि मग मिटला.

दुसऱ्या शनिवारी त्यांनी एका वाटीतून प्रत्येकीच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. सगळीकडे हा प्रयोग असाच करतात, त्या म्हणाल्या. तो आपण पहिल्यांदाच पाहतोय असं समजायचं. रंग, सुरकुत्या, वास, वजन. मग सावकाश तोंडात ठेवायचा.

सांगलीत हे करायला धीर लागतो. वर्गात आम्ही अकरा जणी होतो आणि त्यातल्या निम्म्या जणींच्या घरात कुणी ना कुणी बेदाण्यात होतं. माझ्या जावेनं तो उजेडाकडे धरला, दोन बोटांत फिरवला आणि म्हणाली, "बाई, ह्यो माल गेल्या सालचा हाय. देठ बी तसाच ऱ्हायलाय."

समुपदेशक बाई म्हणाल्या, "पारख नको करायला. फक्त बघा. पहिल्यांदाच बघताय असं."

"पयल्यांदा कसं बघू? लगीन झाल्यापास्नं दुसरं बघितलंय काय मी?"

पलीकडची एक बाई म्हणाली, तिचा गोल आहे, माझा लांब आहे, मला बदलून द्या. सगळ्या हसल्या. समुपदेशक बाईही हसल्या, आणि म्हणाल्या की पुढच्या बॅचला त्या शेंगदाणा आणतील.

मी हसले नाही. यजमान गेल्यापासून मी बेदाणा तोंडात घातला नव्हता. द्राक्षांचे घड जाळीवर पसरत असताना ते खाली बसले आणि उठले नाहीत, एवढंच मला माहीत होतं. सगळ्या जणी डोळे मिटून चघळत होत्या तेव्हा मी माझा बेदाणा रुमालाच्या टोकात बांधला.

तिसऱ्या शनिवारी गृहपाठ मिळाला. रोज संध्याकाळी, दिवसभरात झालेल्या तीन चांगल्या गोष्टी लिहायच्या. मी शंभर पानी वही आणली, समास आखला. पहिल्या दिवशी लिहिलं: चहा. ऊन. चहा. दुसऱ्या दिवशी: चहा, ऊन, मुलीचा फोन. पाचव्या दिवशी सवयीनं लाल पेन उचललं आणि समासात लिहिलं, 'पुनरुक्ती. उदाहरणे द्या.' छत्तीस वर्षं मी मुलांच्या वह्यांत हेच लिहीत आले होते. आपण आपल्याच आनंदाला गुण देत बसलोय हे लक्षात आलं तेव्हा वही मिटली.

वर्ग संपला. मला झोप जरा बरी लागू लागली. सकाळी गच्चीत दहा मिनिटं श्वास बघत बसायची सवयही राहिली. त्यानं काही मिळत होतं. भांडी घासताना फक्त भांडी घासली जात होती. पण पुस्तक तसंच होतं. शेवटच्या शनिवारी समुपदेशक बाईंना मी एकटीनं गाठून वाचनाचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "तुम्ही वाचत होता ते कुणासाठी?" मी म्हटलं, स्वतःसाठी. तेव्हा मला ते खरंच वाटत होतं.

हंगाम आला. जावेचा फोन आला की दोन बायका लग्नाला गेल्यात, हात कमी पडतात, या. तिला हात कमी पडत नव्हते हे मलाही कळत होतं. त्या दिवसानंतर मी शेडकडे फिरकले नव्हते. दोन दिवस टाळलं आणि तिसऱ्या दिवशी गेले.

शेड उंच होती, तारेच्या जाळ्यांचे मजले एकावर एक, आणि सगळीकडे तो गोड, जड वास. बाजूला ताडपत्रीवर वाळलेल्या बेदाण्याचा ढीग आणि भोवती आठ बायका. कुणी उठून माझ्या गळ्यात पडलं नाही. जरा सरकून जागा केली, एवढंच. मी ओंजळभर समोर ओढला आणि देठ, काळे, फुटके वेगळे करू लागले. पाच मिनिटांत डोळे शिणले. माझ्या निवडलेल्यात जावेनं हात घातला आणि चार देठ काढून दाखवले.

शेजारची म्हातारी म्हणाली, "मास्तरीणबाईंनी समद्यास्नी पास केलंय."

जाऊ मला म्हणाली, "आक्का, ढिगाकडं बघायचं न्हाई. हातातला बघायचा. ढीग आपला सरतोय."

मी हातातला बघू लागले. कुठला हिरवट, कुठला मधासारखा पिवळा, एखाद्याच्या सुरकुतीत बारीक काडी अडकलेली. नजर वर त्या जाळ्यांकडे गेली की परत आणायची. ते कुठल्या मजल्याखाली बसले असतील, हा विचार आला की परत आणायची. सांगलीच्या त्या हॉलमध्ये जे मी वहीत लिहून घेतलं होतं ते आता बोटं करत होती. किती वेळ गेला कळलं नाही. जेवायची सुट्टी झाली तेव्हा लक्षात आलं की मधला बराच वेळ मला त्यांची आठवण आली नव्हती. मी जावेला हळूच तसं सांगितलं.

ती भाकरी सोडत होती. म्हणाली, "इसरला न्हाई तुमी. हात कामात हुतं. दादांनी बी तेच सांगितलं असतं."

जेवणं होत आली तेव्हा त्या म्हातारीनं मला विचारलं, "मग त्या टपालवालीचं फुडं काय झालं?"

मला कळेना. मी जावेकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुमी रातच्याला फोनवर सांगायचा ते दादा दुसऱ्या दिवशी हितं जेवताना सांगायचं की. दरसाल. तुमास्नी ठावं न्हाई?"

मला माहीत नव्हतं. दहा हंगाम त्यांनी माझी पुस्तकं या ताडपत्रीवर सांगितली होती आणि मला त्यातलं अक्षर बोलले नव्हते. म्हातारी म्हणाली, दारात येऊन उभी राहिली, तिथं आमी बी वरीसभर उभ्याच हाय. दुसरी म्हणाली, तिनं पत्र द्यायला नको. तिसरी म्हणाली, दिलं पाहिजे, लोकाचं पत्र ठेवून घ्यायची ही कोण? वर्षभर त्यांचा हा वाद चालू असावा. मग पोरसवदा दिसणारी एक सून म्हणाली, "आन् खेचराला दारात बांधलं का न्हाई? ते थंडीनं मरंल."

"कुठलं खेचर?" मी विचारलं.

"तिचं. टपालाच्या पिशव्या न्हेणारं. एका कानानं भैरं."

त्या कादंबरीत खेचर नव्हतं. बाई पायी टपाल नेत असे. मी मराठीची शिक्षिका, मूळ पुस्तकात नसलेलं काही कुणी उत्तरात लिहिलं तर मी गुण कापत असे. मी तसं बोलणार होते आणि थांबले. फौजेत असताना यजमान वरच्या चौक्यांवर खेचरांबरोबर रसद नेत. त्यातलं एक तोफेच्या आवाजानं एका कानानं बहिरं झालं होतं. हे त्यांनी मला लग्नाच्या पहिल्या वर्षी पत्रातून कळवलं होतं आणि मी विसरून गेले होते.

मी एवढंच म्हटलं, "उद्या सांगते. पुढचं वाचायचं राहिलंय."

रहिमतपूरहून येताना पुस्तक पिशवीत टाकलं होतं, ते केवळ सवयीनं. दुपारी काम संपल्यावर जावेच्या ओसरीवर बसले, तिकीट काढलं आणि वाचू लागले. लक्ष भटकलं. परत आणलं. एका पानाला चार वेळा परत आणलं असेल, पण या वेळी पानाच्या तळाशी आले तेव्हा वरचं जागेवर होतं, कारण ते मला उद्या आठ बायकांना द्यायचं होतं. दिवेलागणीपर्यंत अकरा पानं झाली. जाऊ म्हशीचं दूध काढून येता येता म्हणाली, "घावलं का?" मी म्हटलं, घावलं.

मी स्वतःसाठी वाचत होते हे मी सांगलीत सांगितलेलं उत्तर चूक होतं. कुणी विचारील म्हणून मी वाचत होते. समुपदेशक बाईंना हे आधीच दिसलं असावं. त्यांनी प्रश्न विचारला आणि उत्तर माझ्यावर सोडलं, हे बरंच केलं. उत्तर वहीत लिहून मिळालं असतं तर मी त्याला समास आखला असता.

पुस्तक संपायला नऊ दिवस लागले. रोज दुपारी भाकरी झाल्यावर मी सांगायची. बाईनं ते पत्र शेवटी दिलं. ताडपत्रीवर निम्म्या जणींना ते पटलं नाही. म्हातारी दोन दिवस माझ्यावरच रुसली, जणू पत्र मी दिलं. आणि शेवटी त्या सुनेनं विचारलंच, खेचराचं काय झालं.

मी म्हटलं, "म्हातारं झालं. तिनं ते गोठ्यात बांधलं, गरम पाण्यात हरभऱ्याची चंदी भिजवून घालायची. चांगल्या कानाशी तोंड नेऊन दिवसभरात कुठं कुठं टपाल दिलं ते त्याला सांगायची."

मग जाऊ उठली आणि म्हणाली, चला, ढीग वाट बघतोय.

त्या दिवशी निवडता निवडता एक बेदाणा मी तोंडात टाकला. आंबट-गोड होता. देठ काढायचा राहिला होता.

आता हंगाम संपला आहे. घरी मी एकटी असते. सकाळी दहा मिनिटं गच्चीत बसते. दुपारी वीस पानं वाचते. वहीत रोज एकच गोष्ट लिहिते, आणि लाल पेन शाळेला देऊन टाकलं आहे. संध्याकाळी सातला जावेचा फोन येतो.