आखाजीची वही

आमच्या मागच्या बोळात त्या वर्षी नळ आला नाही, तो माझ्यामुळे. हे मी आजवर फार थोड्या माणसांना सांगितलं आहे. ऐकणारे हसतात. म्हणतात, नगरपालिकेचं काम ते, तुझा काय संबंध? संबंध होता. एक वही होती आणि ती माझ्या हातची होती.

माझं माहेर पिंपळनेरकडचं. चौथीनंतर शाळा सुटली, कारण घरात धाकटी भावंडं होती आणि त्यांना सांभाळायला मी होते. लग्न होऊन आले ती थेट खानदेशाच्या पार दुसऱ्या टोकाला, जळगावच्याही पलीकडे, केळीच्या मुलुखात. पिंपळनेरहून मोटारीनं धुळे, धुळ्याहून चाळीसगावची गाडी, मग भुसावळ आणि तिथून पुढं आणखी. पहिल्यांदा आले तेव्हा वाटलं, आपण खानदेशातच आहोत की देश बदलला! बोली वेगळी. मी "काय शे?" म्हटलं की विहिरीवरच्या बायका पदर तोंडाला लावायच्या.

नवऱ्याला कापसाच्या जिनिंगमध्ये काम लागलं ते भाऊंच्या शब्दानं. राहायला मागची खोली दिली तीही त्यांनीच. भाऊ म्हणजे आमचे घरमालक. त्यांची बायको, तिला सगळे अक्का म्हणायचे. माझ्या पहिल्या बाळंतपणात माझी आई पोचू शकली नाही, तेव्हा शेक-शेगडी अक्कांनी केली. त्या घरासाठी मी काहीही केलं असतं. आणि सारखी धास्ती असायची, की आपल्या हातून काही चुकलं तर हे लोक म्हणतील, कुठली ही परमुलखातली आणून ठेवली.

पालिकेच्या निवडणुकीत भाऊ अपक्ष उभे राहिले आणि निवडून आले. त्यांच्यासारखे आणखी दोघं आले, एक निवृत्त मास्तर आणि एक शिंपी. दोन्ही बाजूंची मंडळी सारखीच निवडून आलेली, त्यामुळे या तिघांच्या हाताशिवाय कुठलाच ठराव पास होईना. भाऊंच्या ओट्यावर गर्दी व्हायला लागली. तिघांनी मिळून ठरवलं, की आपण कुणाच्या दावणीला जायचं नाही. वर्षात गावची तीन कामं पदरात पाडून घ्यायची, आणि ती कुठली ते गावालाच विचारायचं.

पुरुषांना विचारणं सोपं होतं. ते ओट्यावर येऊन आपणहून बोलत. अक्का आतून म्हणाल्या, "आणि आम्ही काय मतं दिली नाहीत? बायकांचं कोण विचारणार?"

भाऊ म्हणाले, "विचारलं तर बोलतील का माझ्याशी?"

"तुमच्याशी नाही बोलणार. हिच्याशी बोलतील. हिला लिहिता येतं."

अशी ती वही माझ्याकडे आली. भाऊंनी बजावलं, "आखाजी झाली की सभा आहे. तोवर घरोघर फिर. बाई सांगेल तेच लिहायचं, तुझ्या मनचं काही घालायचं नाही. एका बाईची एक रेघ. ज्याच्यापुढं रेघा जास्त, ते काम वर."

मी मान हलवली. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही, इतका आनंद झाला आणि इतकी भीती वाटली.

मागच्या बोळात माझी एक मैत्रीण होती. तिथली सून. दोन लेकरं झालेली, तिसऱ्याच्या वेळी काही बिघडलं आणि तिची कंबर कायमची धरली. त्या बोळाला पाणी नव्हतं. ओढ्यापलीकडच्या विहिरीवर जायचं, उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की पायऱ्या उतरायच्या, आणि डोक्यावर हंडा घेऊन चढायच्या. ती प्रत्येक पायरीवर थांबायची. पेठेत नळ आला होता. तिथून त्या बोळापर्यंत नळी आणायची, एवढंच मागणं.

आखाजीला तिचा भाऊ न्यायला आला. बैलगाडीत बसता बसता तिनं मला बोलावलं.

"मी चालली माहेराला. आमच्या नळाचं लिहून ठेवजो. तुले तर माहीत आहे सगळं."

"तुझी रेघ आत्ताच ओढते," मी म्हटलं.

"बोळातल्या सगळ्यायची ओढ ना."

"ज्या सांगतील त्यांची ओढीन."

आखाजी म्हणजे अक्षय्यतृतीया, आमच्याकडे दिवाळीच्या तोडीचा सण. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, गौराई मांडतात, आणि पुरुष उघड उघड पत्ते कुटत बसतात. माझा भाऊ त्या वर्षी आला नाही. येणार तरी कसा, एवढ्या लांब? मी वही काखेत मारून निघाले. घरोघर फिरायचं होतं, पण बायका घरात सापडेनात. सगळ्या होत्या गावच्या निंबाखाली, झोक्यावर.

त्यांनी मला पाहिलं आणि ओरडल्या, "आली वो कारकुनीण! माहेरी नाही गेली का?"

मी सहज बोलून गेले, "मना भाऊ ऊना नही."

त्या हसल्या, पण या वेळी एकीनं माझा हात धरला आणि मला झोक्यावर बसवलं. मागून दोघींनी असा हेलकावा दिला की पोटात गोळा आला. मी दोन वर्षांत एवढी हसले नव्हते. उतरले तेव्हा त्यांनी विचारलं, वहीत काय लिहायचं? मी सांगितलं. मग एकेकीनं सुरुवात केली.

"मोटारस्टँडवर सावली कर म्हणा. लेकरं घेऊन उन्हात उभं राहावं लागतं."

"स्टँडपासून गल्लीपर्यंत दिवे. संध्याकाळची मोटार आली की ठेचकाळत यावं लागतं."

"या निंबाला पार बांधा. आणि माझी रेघ जाड ओढ, मी दोन मुलांची आई आहे!"

मी तीन दिवस तिथंच जात होते. रोज सांजोरी खायची, रोज झोका, रोज रेघा. दिव्यांपुढच्या रेघा पानभर झाल्या. सावलीच्या त्याच्या खालोखाल. नळापुढं एकच रेघ होती, मैत्रिणीची.

सभेच्या आदल्या दिवशी सकाळी मी अंगणात उभी होते. गल्लीतून एकामागून एक बैलगाड्या मोटारस्टँडकडे चालल्या होत्या, कुणी शिरपूरची मोटार धरायला, कुणी मलकापूरची. झोक्यावरच्या माझ्या सगळ्या मैत्रिणी हात हलवत सासरी निघाल्या. त्या वेळी मला कळलं. या तर इथल्या लेकी. यांचं पाणी दुसऱ्या गावात. इथल्या विहिरी उतरणाऱ्या सुना तर आठ दिवस आपापल्या माहेरी होत्या. गावात एकच सून मागं राहिली होती, ती मी. आणि मी अक्कांच्या परसातल्या विहिरीचं पाणी भरत होते.

वही हातात होती. भाऊ ओट्यावर होते, मास्तर आणि शिंपीदादाही बसलेले. मी वही पुढं केली. भाऊंनी पानं उलटली.

"हे बघा मास्तर. बायकांचंही म्हणणं दिवे आणि स्टँडच. आपले पुरुष तेच म्हणत होते."

मास्तरांनी चष्मा वर केला. "अक्षर चांगलं आहे. किती शिकलीस?"

"चौथी."

भाऊ म्हणाले, "चौथी, पण काम मॅट्रिकवाल्याला लाजवील असं."

तिथं बोलायचं होतं मला. एवढंच म्हणायचं होतं, की भाऊ, चार दिवस थांबा, सुना येऊ द्या. पण ज्या माणसानं डोक्यावर छप्पर दिलं तो तीन माणसांत माझी तारीफ करत होता. मी पदर सारखा केला आणि आत गेले.

ठराव झाला. माझी मैत्रीण परत आली तेव्हा रस्त्याच्या कडेला खांबांसाठी खड्डे खणत होते. तिनं विचारलं, "नळाचं लिहिलं होतं ना?"

"लिहिलं होतं."

"मग बाकीच्यायले नको असंन," ती म्हणाली, आणि हंडा उचलून ओढ्याकडे गेली.

मी खोटं बोलले नव्हते. तेच जास्त लागलं.

नंतर मी एक करायला लागले. अक्कांना विचारून त्यांच्या विहिरीचे दोन हंडे रोज तिच्या दारात नेऊन ठेवायचे. पंधरा दिवस तिनं मुकाट्यानं घेतले. सोळाव्या दिवशी हंड्यावर हात ठेवून म्हणाली, "हे काय चाललं तुह्यं? कशाचं फेडते?"

मी उंबऱ्यात बसून सगळं सांगितलं. झोक्याचंही. तिनं हंड्यावरचा हात काढला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या नणंदेनं आमच्या घरची रेघ दिव्याला दिली. अन मी तिकडे माझ्या माहेरी पाराले दिली असती." आणि हसली. ते हसणं मला रागापेक्षा जड गेलं. लगेच म्हणाली, "ऊठ. वही आण. आता सगळ्या घरी आहेत."

त्या दुपारी तिनं कंबरेवर हात ठेवून मला बारा घरं फिरवली. नळाच्या रेघांनी पान भरलं. मी ते भाऊंपुढं ठेवलं आणि पहिल्या वहीत काय झालं तेही सांगितलं. ते रागावले नाहीत. कपाळावर हात मारून म्हणाले, "अगं, माझी सख्खी बहीण त्या निंबाखाली होती! मला कसं नाही सुचलं? पण आता ठराव फिरवायचा नाही. पुढच्या साली पाहू."

पुढच्या साली नाही, त्याच्या पुढच्या साली नळ आला. भाऊंनी शब्द पाळला. पण त्याआधीच्या पावसाळ्यात माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला शिंदखेड्याला काम मिळालं आणि ते बिऱ्हाड उठलं. दोन उन्हाळे ती त्या पायऱ्या चढली. त्यातला पहिला कदाचित चुकला नसता. नळाचा ठराव तेव्हाच झाला असता तर दुसरा मात्र चुकला असता.

नळ सुटला त्या सकाळी बोळातल्या बायकांनी मला हाक मारली. "वहीवाली, तू आधी भर. तुझ्यामुळं आला." मी हंडा घेऊन गेले होते खरी, पण म्हटलं, "तुम्ही भरा. आमच्याकडे विहीर आहे." आणि रिकामा हंडा घेऊन परत आले.