सुमनच्या नावाचं फिनाईल

सुमन गेल्याचं मला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर कळलं. रोज फेऱ्या मारणारे एक गृहस्थ म्हणाले, "तुमची ती गोबरगॅसवाली मैत्रीण गेली म्हणे." माझ्या तोंडून आधी निघालं ते, "गोबर नाही हो! माणसाचा गू!" गृहस्थांनी नाकाला रुमाल लावला. बाई गेली त्यापेक्षा या शब्दाचाच त्यांना जास्त धक्का.

डिलाईल रोडच्या चाळीत आमच्या खोल्या शेजारी-शेजारी. संडासाच्या एकाच रांगेत टमरेल घेऊन उभ्या राहत मोठ्या झालो... मी लग्न होऊन दादरला आले. ती लग्नाच्या फंदात पडली नाही, चाळीतच राहून परळच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवत राहिली. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला निघतात, ही बया डोंगरातल्या एका दवाखान्यात जाऊन बसली. तिथे वीज गेली की दोन-दोन दिवस यायची नाही. हिने शेजारच्या आश्रमशाळेचे संडास जमिनीखालच्या टाकीला जोडून घेतले आणि त्या गॅसवर जनरेटर चालवला. लशींचा फ्रीज, बाळंतपणाच्या खोलीतले दिवे, सगळं त्यावर. टाकीतल्या जिवाणूंना ती 'माझी पोरं' म्हणायची. "खातात आणि गॅस सोडतात गं. फिनाईल तेवढं दाखवायचं नाही त्यांना, मरतात."

मग दवाखान्याला मदत करणाऱ्या मुंबईच्या एका मंडळाचे पाहुणे हे सगळं बघायला निघाले. सुमन तेव्हा तापाने फणफणून इथे चाळीत येऊन पडलेली. पाहुण्यांना वास यायला नको म्हणून मंडळाच्या चिटणिसांनी आधी गाडीभर फिनाईल आणि ॲसिड धाडलं. संडास चकाचक झाले, फोटो निघाले. आठवड्याभरात गॅस बंद! लशी फेकून द्याव्या लागल्या. एका बाळंतिणीला नर्सने मोबाईलच्या उजेडात टाके घातले. सुमनने चिटणिसांना फोन केला, तर म्हणे, "बाई, स्वच्छतेला विरोध आहे का तुमचा?" माझ्याजवळ ती ढसाढसा रडली. "पोरं मारली गं माझी..." अंगात ताप असताना ती डोंगरावर गेली. टाकी पुन्हा जगवायला अख्खा पावसाळा राबली. त्यातून ती सावरलीच नाही, हे मी इथे छापून सांगते. कुणाला राग आला तर येऊ दे.

शोकसभा दादरला झाली. बोलायला उभे कोण, तर तेच चिटणीस. "सुमनताई म्हणजे स्वच्छतेची मूर्ती!" दवाखान्यात तिचा फोटो लावायला मंडळ पुढच्या महिन्यात जाणार, असं त्यांनी जाहीर केलं. मग टेबलाखालून एक खोकं पुढे ओढलं. आत फिनाईलच्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: 'कै. सुमनताईंच्या स्मरणार्थ'. माझं डोकंच फिरलं. "अहो, लाज कशी वाटत नाही? यानेच तर घात केला तिचा!" चिटणीस मऊ आवाजात म्हणाले, "दुःखात आहात, समजू शकतो." डोंबल समजलं होतं त्यांना! मी खोकं उचललं आणि टॅक्सी करून थेट तिची चाळ गाठली.

तिच्या खोलीची चावी माझ्याकडे असते. तिथूनच नर्सला फोन लावला. "कुणीही येऊ दे, फिनाईल आत घ्यायचं नाही."

"नाही घेणार, ताई. साध्या पाण्यानेच धुतो. दिवे चालू आहेत."

मग मी तिच्या फरशीवर बसले, आणि एकेका बाटलीवरून तिचं नाव नखाने खरवडून काढलं.