नलूच्या तोंडून

दिग्रसच्या आसपास कुठंही शंकरपट भरला, बैलजोड्या धावायच्या असल्या, की माईक देवरावच्याच हातात असायचा. जोडी सुटली की त्याचा आवाजही सुटायचा. "आली, आली, आली! धुऱ्यावरचे मांगं सरका रे!" लोक बघायचे जोडीकडं, ऐकायचे देवरावला.

तोच गळा तंबाखूच्या खर्र्यानं आणि बिडीनं खाल्ला. नागपूरच्या डॉक्टरांनी जीव वाचवला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. घरी आला तेव्हा तोंड नुसतं हलत होतं.

सुरुवातीला तो बॉलपेननं लिहून बोलायचा. पण दाबून दाबून हात भरून यायचा, रीफिल मध्येच कोरडी जायची, आणि रागाच्या भरात कागद फाटायचा. मग हातवारे करायचा. ते कोणाला कळले नाहीत की ताट सारून उठून जायचा.

त्याची मुलगी दीपा पुण्याला एका जपानी कंपनीत होती. ट्रेनिंगसाठी जपानला गेली, तेव्हा बाबांसाठी शाईचा पेन घेऊन आली. काळाभोर, सोन्याच्या निबेचा. देवरावनं शाई भरली आणि निब कागदाला नुसती टेकवली. जोर लावावाच लागला नाही. वंगण घातलेल्या चाकासारखा पेन आपसूक पुढं गेला. वेलांटी लवली, काना सरळ उतरला, ओली शाई जराशी चमकली आणि कागदात मुरली. त्यानं एक ओळ लिहिली, मग उगाच आणखी एक. मनातलं आणि हातातलं पहिल्यांदाच बरोबरीनं धावत होतं.

"काय लिवून राह्यले एवढं?" त्याची बायको नलू भाकरी थापता थापता म्हणाली.

त्यानं कागद पुढं केला. नलू चौथी शिकलेली. मनातल्या मनात वाचणं तिला कधी जमलंच नाही. पिठाचे हात वर धरून ती मोठ्यानं वाचू लागली, "नलू... तुह्या भाकरीले आज... लयच जाळ लागला... पट सुटला का कुठं?"

वाचून ती थबकली. घरात देवराव बोलला होता. नलू खदखदून हसली, आणि हसता हसता पदरानं डोळे पुसायला लागली.

मग तेच त्यांचं बोलणं झालं. तो लिहायचा, ती त्याच्या खांद्यावरून वाकून वाचायची, शिरोरेषा ओढायच्या आतच. अक्षरं मोठी झाली की तिचा आवाज चढायचा, बारीक झाली की उतरायचा. शेजारच्या रामलालशी बांधावरून भांडण झालं तेव्हा देवरावनं झरझर शिवी लिहिली. "हे नाही वाचत मी, बाप्पा!" नलू म्हणाली. त्यानं शिवीखाली रेघ मारली. शेवटी तिनं खाली मान घालून, हळूच वाचली. रामलालच आधी हसला आणि भांडण तिथंच मिटलं.

गेल्या हिवाळ्यात नलू कापूस वेचून आली आणि छातीत दुखतं म्हणाली. मुलगा राजदीपनं गाडी काढली. यवतमाळच्या वाटेवर देवरावनं गुडघ्यावर कागद ठेवून लिहिलं, 'भेऊ नको, मी आहो इथं.' गाडी हादरत होती तरी अक्षर सुरेख उतरलं. कागद त्यानं तिच्या डोळ्यांपुढं धरला. तिनं पाहिलं. तिचेही ओठ नुसतेच हलले.

दवाखाना येईपर्यंत सगळं संपलं होतं.

आता घरात राजदीप आणि सून निकिता. दोघंही जिवापाड करतात. देवरावनं कागद पुढं केला की नजर फिरवतात, "हो बाबा," म्हणतात, आणि चहा येतो, औषध येतं, पंखा लागतो. बोलणं मात्र कोणाच्या कानावर पडत नाही. एकदा त्यानं निकिताला लिहून दिलं, 'मोठ्यानं वाच.' खाली लिहिलं होतं, 'मले आज काई गोड लागून नाही राह्यलं.'

निकितानं घसा साफ केला. "मला आज काही गोड लागत नाहीये," तिनं मायेनं वाचलं. आपण काय बदललं हे तिला कळलंही नाही. देवरावनं मान हलवली आणि कागद घडी करून खिशात ठेवला. पुन्हा तिला वाचायला सांगितलं नाही.

दीपानं फोनवरून सुचवलं, "बाबा, मोबाईलवर टाइप करा, तोच बोलून दाखवतो." त्यानं करून पाहिलं. कोण्या परक्या माणसाचा आवाज आला. त्यानं मोबाईल राजदीपच्या हातात परत दिला.

लिहिणं मात्र थांबलं नाही. दुपारी ओसरीतल्या बाजेवर बसून तो निब पाण्यानं धुतो, फडक्यानं टिपतो, शाई भरतो आणि नलूशी बोलत बसतो. तूर कशी आली, रामलाल काय म्हणाला, आर्णीच्या पटात कोणाची जोडी पहिली आली. "बाबा, कोणाला लिहिता?" निकितानं एकदा विचारलं. त्यानं फक्त हात हलवला.

पेन अजून तसाच चालतो, अलगद, न अडखळता. पहिल्याच ओळीला बोटांना ते जुनं सुख होतं, आणि नलू नसतानाही होतं याची देवरावला लाज वाटते. थोडा वेळ तो निब उचलून बसून राहतो. मग पुन्हा टेकवतो.