थर्माकोलचा कुरव

आधीच सांगतो, माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. यातलं किती मी स्वतः पाहिलं आणि किती माधवरावांनी दर वर्षी घाटात सांगून सांगून माझ्या गळी उतरवलं, ते आता वेगळं काढता येत नाही. पक्षी मोजायला गेलेली माणसं पक्ष्यांपेक्षा किस्सेच जास्त घेऊन परततात, एवढं मात्र खात्रीने सांगतो. निदान बऱ्यापैकी खात्रीने.

आम्ही तिघं इंदिरानगरचे. नलूताई निवृत्त मुख्याध्यापिका, माधवराव मूळचे येवल्याकडचे कांद्याचे व्यापारी, आणि मी जन्मभर संख्याशास्त्र शिकवलेला. दर हिवाळ्यात माधवरावांच्या गाडीतून समुद्रकिनारा गाठायचा आणि दूरदेशाहून आलेले पक्षी मोजायचे. घोटीला चहाला थांबलो की हॉटेलवाला विचारायचा, "यंदा तरी मासे आणणार, का नुसतंच मोजून येणार?"

*

मी थव्याचा एक तुकडा मोजून गुणाकार करायचो. माधवराव एकेक पक्षी मोजायचे, आणि धान्य मापताना म्हणतात तसं पहिल्याला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणायचे. लाभ, दोन, तीन...

एकदा त्यांची मोजणी संपत आली असताना वाळूवर कुत्रं धावलं आणि सगळा थवा उडाला. मी कपाळाला हात लावला. माधवराव शांत. "सर, माल हलला. परत काटा करू." थवा बसला, आणि पुन्हा लाभपासून सुरुवात.

शेजारी मासळी वाळत घालणाऱ्या मावशी बराच वेळ बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "कालचेच हायेत सगळे. काल मोजायचे ना!"

*

नलूताईंचा नियम एकच: दोघांनी पाहिला तर पक्षी, एकट्याने पाहिला तर भास. तक्ता त्यांच्या हातात, पेनही त्यांचंच.

एका वर्षी खडकांपलीकडे एक कुरव, म्हणजे सीगल, बसला होता. पांढरा, गुबगुबीत, अगदी निश्चल. मी दुर्बिणीतून वीस मिनिटं पाहून जाहीर केलं, विश्रांती घेतोय. इतका ठाम मी लग्नातही नव्हतो. माधवरावांनीही पाहून मान डोलावली. दोघं झाले, नोंद झाली.

मग भरती आली. कुरव तरंगला, आणि त्याच्यामागून जाळ्याची नायलॉनची दोरी निघाली.

नलूताईंनी नोंद खोडली नाही. खाली लाल शाईने लिहिलं, "सदर पक्षी थर्माकोलचा आहे."

घाट चढताना माधवराव फक्त एवढंच म्हणाले, "सर, हा अंडी कुठं घालतो हो?"

*

पुढच्या वर्षी मी तोंड न उघडण्याचं ठरवूनच गेलो, आणि नेमका तेव्हाच तो दिसला. लहानसा चिखल्या, एका पायात हिरवा बिल्ला. म्हणजे कुठल्या तरी देशात कुणीतरी त्याला धरून, नोंदवून सोडलेलं. बिल्ल्यावरची अक्षरं मी दोनदा वाचली, के ७४. अशी नोंद मिळावी म्हणून आम्ही किती वर्षं येत होतो! माधवराव गाडीपाशी डबे उघडत होते. नलूताई खडकांच्या पलीकडे होत्या. हाक मारेपर्यंत पक्षी उडाला.

एकट्याने पाहिला. वहीत पेन्सिलीने लिहिलं, थर्माकोल आठवलं, आणि रबराने खोडलं.

परतताना मी गप्प होतो. नलूताईही गप्प होत्या. माधवरावांना वाटलं त्यांना घाट लागला, म्हणून त्यांनी गाडी थांबवून लिंबू आणलं.

तो पक्षी मी खरंच पाहिला का, हे मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला विचारत राहिलो.

गेल्या वर्षी नलूताई लेकीकडे पुण्याला राहायला गेल्या. जाताना त्यांच्या सगळ्या वह्या माझ्याकडे देऊन गेल्या. त्या दिवसाचं पान मी लगेच काढलं. तळाशी एक ओळ रबराने खोडलेली होती. पण मुख्याध्यापिकेचा हात, पेन्सिल दाबूनच चालायची. पान खिडकीशी तिरकं धरलं आणि वाचलं.

"चिखल्या. हिरवा बिल्ला, के ७४. एकटीनेच पाहिला."