सातांच्या मागे आठ

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि खरं सांगायचं तर निम्म्यांवर हसते. आयुष्यभर नर्सची नोकरी केली. अंगात आलेली बाई इंजेक्शनची सुई बघून पटकन शुद्धीवर येताना मी कितीदा तरी पाहिली आहे. त्यामुळे भूत, बाधा, करणी असलं काही माझ्यापुढे चालत नाही... आणि म्हणूनच हे लिहायला इतकी वर्षं लागली. लोक म्हणणार, सिस्टरचं डोकं फिरलं.

साल शहाण्णव असावं. माहेर, सासर दोन्ही पंचवटीतलं, आणि पोस्टिंग मिळालं पेठ तालुक्यात. नाशिकहून एसटीने सावळघाट ओलांडायचा, पुढे एका फाट्यावर उतरायचं आणि तिथून दोन तास चढायचं. वर सपाट माथ्यावर तीस-बत्तीस घरांचा पाडा. नाव देत नाही, लोक अजून तिथेच राहतात. तीन बाजूंनी तुटलेले कडे, चौथ्या बाजूने उतरणारी एकच पाऊलवाट. पावसाळ्यात अंथरुणंसुद्धा ओली, आणि मार्च लागला की त्याच पाड्यातल्या बायका हंडे घेऊन अर्धा डोंगर उतरणार, कारण पडलेलं सगळं पाणी कड्यांवरून पळून गेलेलं. खाचरात भात, उतारावर नागली, आणि दिवाळीनंतर निम्मा पाडा द्राक्षांच्या कामाला दिंडोरी-निफाडकडे.

पण मला धास्ती असायची ती धुक्याची. श्रावणात भर दुपारी ते असं उतरायचं की हात लांब केला तर स्वतःची बोटं दिसत नसत. त्यासाठी पाड्याची एक रीत होती. धुक्यात वाट उतरायची ती रांगेने, आणि प्रत्येक वळणावर मोजणी. पुढचा म्हणणार ‘येक’, त्याच्या मागचा ‘दोन’, असं शेवटच्या माणसापर्यंत. जुन्या काळी बाजाराला निघालेल्या रांगेतला एक जण वाटेत दरीत गेला आणि बाकीच्यांना ते पेठेत पोचल्यावर कळलं, तेव्हापासून हे सुरू झालं म्हणे. शिवाय निघताना वाटेच्या तोंडाशी माणशी एक डहाळी खोचायची, परत आलं की आपली आपण उपटायची. डहाळी उरली तर शोधायला निघायचं. मला ही पद्धत पटायची. आमच्या ऑफिसच्या हजेरीपुस्तकापेक्षा कितीतरी भरवशाची.

तर त्या दिवशीही असंच धुकं होतं, आणि पाड्यातली जानकी अडली होती. पहिलटकरीण, पहाटेपासून कळा, आणि अकरा वाजले तरी बाळाचं डोकं खाली सरकेना. मी ठरवलं की खाली न्यायचं. फाट्यावर जीप आणायला माणूस आधीच धाडला होता. बांबूला घोंगडी बांधून डोली केली. सगळ्यात पुढे वाट दाखवायला लखमादादा. डोलीला पुढून लखमादादाचा भाऊ, मागून जानकीचा नवरा सोमा. त्याच्या मागे खांदा बदलायला किसन, मग जानकीची सासू धवळीबाई, ती पाड्याची सुईणही होती, आणि शेवटी मी. डोलीतली जानकी धरून सात.

वाटेच्या तोंडाशी डहाळ्या खोचायचं काम म्हाताऱ्या भिकाबाबांचं. त्यांनी आठ खोचल्या.

“बाबा, सात जणं आहोत.”

“पोटातलं बी जातंय ना खाली, बाई.”

“ते जन्मल्यावर खोचा,” म्हणत मी एक डहाळी उपटून फेकून दिली. वागणं बरोबर नव्हतं, पण मी प्रचंड घाबरले होते. काही झालं असतं तर जबाबदार मीच होते, आणि घाबरले की मला राग येतो. भिकाबाबा फक्त त्या डहाळीकडे बघत राहिले.

पहिल्या वळणावर लखमादादाने ‘येक’ म्हटलं. दोन, मग डोलीतून कण्हत जानकीचं तीन, चार, पाच, सहा. मी म्हटलं, “सात.”

आणि माझ्या मागून कोणीतरी म्हणालं, “आठ.”

अगदी साधा आवाज होता. कामात असलेला माणूस मान वर न करता ओ देतो, तसा. मला वाटलं, म्हातारबुवा मागे आले. “बाबा, घरी जा, पाय घसरेल,” मी ओरडले. धुक्यात काही दिसत नव्हतं. चिखलात माझ्या चपला पचपच वाजत होत्या, पण मागे पावलांचा आवाज मुळीच नव्हता.

दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच. माझं सात, आणि मागून आठ. एका बाजूला दरी, पुढे धवळीबाईची पाठसुद्धा दिसत नाही, आणि मागे वळायचा धीर होईना. मी मनात रामरक्षा म्हणायला लागले... हो, मीच. पुढच्यांपैकी कोणी चकार शब्द काढत नव्हतं, त्यामुळे हे मला एकटीलाच ऐकू येतंय की काय, ही आणखी एक भीती.

तिसऱ्या वळणावर ‘आठ’ उशिरा आलं. बारीक, दम लागलेल्या माणसासारखं.

चौथ्या वळणावर मी सात म्हटलं आणि जीव मुठीत धरून थांबले. मागून काहीच आलं नाही. नुसता वारा. सुटले, असं वाटलं. खरंच सांगते, इतकं हलकं वाटलं की मी पाऊल उचललंसुद्धा.

तेवढ्यात सगळ्यात पुढून लखमादादाचा आवाज आला. “आठ कुठंय?”

रांग जागच्या जागी थांबली. म्हणजे त्यांनाही ऐकू येत होतं. सगळ्यांनाच. धवळीबाई चाचपडत मागे आली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, “बाई, पोट बघा. आत्ताच.”

शेजारी कपार होती, तिथे डोली टेकवली. मी जानकीच्या पोटाला नळी लावली. बाळाचे ठोके मिनिटाला ऐंशीसुद्धा नव्हते, असायला हवेत एकशे चाळीसच्या आसपास. तपासलं तर हिसक्यांनी म्हणा, चालण्याने म्हणा, डोकं पार खाली आलेलं. जीपपर्यंत अजून तासभर होता, तेवढा वेळ त्या बाळाकडे नव्हता. तिथेच, सोमाने धरलेल्या इरल्याखाली, जानकी बाळंत झाली. मुलगी. गळ्याभोवती नाळेचे दोन वेढे, अंग निळं, हालचाल नाही. मी नाळ कापून वेढे सोडवले, घशातलं पाणी ओढून काढलं, तोंडाने फुंकर घालत राहिले. किती वेळ, कोण जाणे. मग ती रडली, आणि तिच्याबरोबर मीही.

पुढे उतरताना मोजणी झाली, तेव्हा पदराखाली नातीला धरलेल्या धवळीबाईने माझ्या सातनंतर आठ म्हटलं. माझ्या मागून कोणी काही बोललं नाही, फाट्यापर्यंत.

माझे मिस्टर शाळेत भूगोल शिकवायचे. ते म्हणाले, कड्यावरून प्रतिध्वनी आला असणार. मी म्हटलं, अहो, प्रतिध्वनीने सात म्हणायला हवं ना, आठ कसं म्हणेल? त्यांनी चष्मा पुसला आणि विषय बदलला. लखमादादाला विचारलं तर तो म्हणाला, “आम्ही मोजतो, बाई. कोण बोलतं ते नाय विचारीत.” माझ्याकडे आजही याचं काही लॉजिक नाही.

बारा-तेरा वर्षांनी पेठ नाक्यावर, मजुरांच्या गर्दीत जानकीने मला हाक मारली. द्राक्षांच्या कामाला निघाली होती, सोबत ती मुलगी. उंच, चुणचुणीत, शाळेचा जुना फ्रॉक घातलेली.

“ह्या बाईनं वाचवलं तुला,” जानकी तिला म्हणाली. “पाया पड.”

मुलगी वाकली. मी तिला खांद्याला धरून उठवलं, हातात बिस्किटाचा पुडा दिला, अभ्यास कर म्हटलं. जे सांगायला हवं होतं ते नाही सांगता आलं. तो आवाज बंद झाला तेव्हा, पोरी, मला बरं वाटलं होतं. मी पुढे चालायला लागले होते.