अप्पांचं कार्ड

लालबागला डॉक्टर विक्रांतच्या दवाखान्यात कालिंदीबाई सव्वीस वर्षं पेशंटची कार्डं काढायला बसतात. कोणाचा खोकला जुना, कोणाच्या सुनेला कितवा महिना, सगळं तोंडपाठ. त्यामुळे डॉक्टरांनी मनाची तपासणी करणारा टॅब आणला तेव्हा बाईंना हसूच आलं. सव्वीस वर्षांत आपल्याला जे कळलं नाही, ते या पाटीएवढ्या काचेला म्हणे नऊ प्रश्नांत कळणार.

"प्रत्येकाने एकट्याने भरायचं," डॉक्टर म्हणाले. बाईंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःची पद्धत सुरू केली. लोकांकडे चष्मा नसतो, बोट भलतीकडे पडतं, म्हणून बाईच प्रश्न मोठ्याने वाचू लागल्या. अख्खा बाक ऐके. आणि लालबागमध्ये प्रश्न एकाला विचारला तरी उत्तर चौघं देतात.

"अप्पा, गेल्या पंधरा दिवसांत जगणं नकोसं वाटलं का?" रेशनकार्डावरचं नाव विचारावं तसं बाईंनी विचारलं. अप्पांची बायको सहा महिन्यांपूर्वी गेलेली. त्यांनी तोंड उघडायच्या आत शेजारच्या रमाबाई म्हणाल्या, "अप्पांका काय झाला? दोन टायम जेवतत, टीव्ही बघतत." बाक हसला, अप्पाही हसले. बाईंनी 'अजिबात नाही' दाबलं, पडदा हिरवा झाला. गेला महिनाभर तो सगळ्यांचाच हिरवा येत होता. टॅबच्या हिशेबाने लालबागइतकी सुखी वस्ती पृथ्वीच्या पाठीवर नव्हती.

त्याच दिवशी औषध घेऊन निघताना अप्पा खिडकीशी थांबले. "कालिंदी, माझं कार्ड काढून टाक आता. उगाच जागा अडते."

कार्ड काढून टाकतात ते माणूस गेल्यावर. अप्पांच्या बायकोचं बाईंनीच काढलं होतं. बाईंना स्वतःची लाज वाटली.

त्यांनी अप्पांना आतल्या इंजेक्शनच्या खोलीत नेलं, स्वतःचा चष्मा त्यांच्या नाकावर चढवला, टॅब हातात दिला आणि दाराशी उभ्या राहिल्या. रमाबाई डोकावायला आल्या. "तिकडे गप्प बस," बाई म्हणाल्या.

वीस मिनिटांनी टॅब लाल झाला. यंत्र हुशार, त्याने हेल्पलाइनचा नंबर दिला आणि 'जवळच्या डॉक्टरांना भेटा' असा मोलाचा सल्लाही दिला. डॉक्टर चार हातांवर बसलेले होते. त्यांनी बाक रिकामा करवला, दार लोटलं, तासभर अप्पांशी बोलले. मग अप्पांना विचारून त्यांच्या मुलीला, कादंबरीला, फोन लावला. ती माझगावहून लगेच न्यायला आली.

"अप्पा, मला का नाही सांगितलंत?" निघताना बाईंनी विचारलं.

"तू विचारलंस कुठे? वाचून दाखवलंस."

बाईंनी अप्पांचं कार्ड पुन्हा खोक्यात ठेवलं, वर उद्या सकाळी अकराची वेळ लिहिली. उद्या त्या नुसतं विचारणार होत्या आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसणार होत्या. सव्वीस वर्षांत कुठल्याच कामाची त्यांना एवढी धास्ती वाटली नव्हती.